मुलाखतीनंतरचा मुक्काम

मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचं राहायला जाण्याच्या व्हिसाची मुलाखत होते, ती फार लांबत नाही. लग्न कुठं झालं, ओळख कशी झाली, याआधी परदेशात कुठं राहिलात, एवढं विचारून काचेपलीकडचा अधिकारी कधी हसून अभिनंदन करतो, तर कधी एक कागद पुढं सरकवतो. त्या कागदावर अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२१(जी) असतं. आज व्हिसा देता येत नाही, अजून तपासणी बाकी आहे, झाली की कळवू, असा त्याचा मथितार्थ. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नसतं. का, तेही नसतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहात्याहून गेलेलं कुटुंब तो कागद घेऊन परत येतं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पोहोचलेली असते: व्हिसा अडकला.

राहाता तालुक्यात हा प्रसंग घडावा यात नवल नाही. याच तालुक्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. उसाच्या पैशातून पुढं शाळा, वसतिगृहं, महाविद्यालयं उभी राहिली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि ऊस-पेरूच्या शेतकऱ्याचा मुलगा आधी पुण्याच्या आणि मग टेक्सास, न्यू जर्सीच्या कंपनीत जाऊन बसला. त्यातले काही आता तिथले नागरिक झाले, काहींना ग्रीन कार्ड मिळालं. लग्न मात्र इकडचीच मुलगी पाहून झालं. तिला न्यायचं तर नवऱ्यानं तिकडे आय-१३० हा अर्ज भरायचा. तो मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथं फी, उत्पन्नाची हमी, पोलिसांचा दाखला असं सगळं जमा होतं आणि मग मुंबईची तारीख मिळते. म्हणजे मुलाखतीला उभं राहीपर्यंत घरानं आधीच खूप वाट पाहिलेली असते आणि ही शेवटची पायरी, असं मनाशी धरलेलं असतं. म्हणून इथलं थांबणं जास्त लागतं.

या थांबण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या आहेत, असं मला वाटतं. एक तिकडच्या सरकारच्या हातात आहे, दुसरी आपण घरात बसून तयार करतो. पहिलीवर आपला इलाज चालत नाही म्हणून आपण दुसरीकडे पाहतच नाही, आणि तिचाच भार त्या मुलीवर जास्त पडतो.

आधी तपासणीबद्दल. अर्जदाराचे बोटांचे ठसे आणि नाव निरनिराळ्या अमेरिकी यंत्रणांच्या नोंदींशी ताडून पाहतात. नाव कुणाशी तरी जुळलं की तो माणूस हा नव्हे, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. आपल्याकडे एकाच नाव-आडनावाची माणसं गावोगाव आहेत. त्यांना वेगळं करतं ते मधलं वडिलांचं नाव. मुलीचं लग्न झालं की ते मधलं नावही बदलतं आणि आडनावही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पदवीवर तेच, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. भर म्हणून २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जन्मदाखला अहमदनगरचा आणि नवा कागद अहिल्यानगरचा. यातला कुठलाही फरक गैर नाही, पण प्रत्येकाचा खुलासा द्यावा लागतो. याशिवाय काही वर्षं आखातात नोकरी झालेली असेल, किंवा शिक्षण एखाद्या संवेदनशील तंत्रज्ञानातलं असेल, तर फाइल वॉशिंग्टनकडे मत मागवायला जाऊ शकते. २००१ च्या हल्ल्यांनंतर अशा तपासण्या वाढल्या, आणि २०१७ पासून काही अर्जदारांना डीएस-५५३५ नावाचा आणखी एक प्रश्नसंच देतात.

तो प्रश्नसंच भरताना मी एका घरात बसलो होतो. मागच्या पंधरा वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, परदेशप्रवास आणि त्याचा खर्च कुणी केला, भावंडांची नावं-जन्मतारखा, पाच वर्षांतले मोबाइल नंबर, ई-मेल, समाजमाध्यमांवरची नावं. पंधरा वर्षांपूर्वी ती मुलगी शाळेत होती. लोणीचं वसतिगृह आठवलं. पुण्यात कोथरूडला तिघींनी घेतलेली खोली आठवली, पण घरमालकाचा पूर्ण पत्ता काही आठवेना. मग वडिलांनी कपाटातून जुनी डायरी काढली. पुण्याला लेकीकडे जाताना रिक्षावाल्याला दाखवायला म्हणून त्यांनी तो पत्ता स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता, सोसायटीच्या गेटसमोरच्या मेडिकल दुकानासकट. तो वाचून दाखवताना त्यांचा आवाज बदलला. आपल्या मुलीचं सरळ, उजळ आयुष्य कुणाला तरी पुराव्यानिशी पटवून द्यावं लागतंय, हे त्या माणसाला आत कुठंतरी लागलं होतं. ‘विचारू देत,’ ते म्हणाले, ‘लपवायचंय काय आपल्याला?’ पण डायरी मिटल्यावरही ते बराच वेळ ती हातात धरून बसले.

आपल्या देशात कोण येतं हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला आहे, आणि तो मी नाकारत नाही. माझा आक्षेप मुदतीवर आणि मौनावर आहे. पूर्वी अमेरिकेचं परराष्ट्र खातं सांगत असे की बहुतेक प्रकरणं साठ दिवसांत निकाली निघतात. चौकशी करण्याआधी १८० दिवस थांबा, असंही सांगत असे. पुढं साठ दिवसांचा उल्लेख गेला आणि प्रकरणागणिक वेळ वेगळा लागतो, एवढंच राहिलं. २०२० च्या मार्चपासून संकेतस्थळावर अशा फाइलींसमोर ‘रिफ्यूज्ड’ असं दिसू लागलं. कायद्याच्या हिशेबात ते चुकीचं नाही, कारण तपासणी पुरी होईपर्यंत अर्ज नामंजूरच धरला जातो आणि नंतर व्हिसा मिळू शकतो. पण सासऱ्यांच्या मोबाइलवर तो शब्द उमटतो तेव्हा त्यांना हे कोण सांगणार?

कोर्टात दाद मागावी म्हटलं तर तिथली वाटही अरुंद झाली आहे. सँड्रा मुन्योझ या अमेरिकी नागरिक बाईच्या एल साल्वादोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला गेला होता. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. न्यायमूर्ती सोटोमायर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याला असहमती नोंदवली, पण बहुमत सहा-तीन होतं. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं एका प्रकरणात, २२१(जी) खाली नकार दिल्यानंतर लवकर निर्णय घ्या असं वकिलातीला सांगायला नकार दिला. मला हे न्याय्य वाटत नाही. ज्या सरकारला एका बाईचे पंधरा वर्षांतले सगळे पत्ते मागता येतात, त्याला किमान कोणत्या महिन्यापर्यंत उत्तर येईल हे सांगता यायला हवं. लग्न ही काही सवलत नाही. दोन माणसांचं एकत्र राहणं आहे, आणि ते बेमुदत अडवायचं तर कारण देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

हाच निकष आपल्यालाही लावायला हवा. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं ओसीआय कार्ड हवं असेल, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-अ प्रमाणे लग्न नोंदवून दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्याआधी सुरक्षा तपासणीही होते. पुण्यात राहणारी एखादी परदेशी सून दिल्लीच्या उत्तराची वाट पाहत असते, तेव्हा तिच्या बाजूनं आपल्यातलं कुणी बोलत नाही.

उत्तर कधी येईल हे न कळणं इतकं का जाचतं? २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात याबद्दल एक प्रयोग झाला. ४५ स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावरचे दगड उलटायचे होते. खाली साप निघाला तर हाताला विजेचा हलका झटका बसे. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जेवढा ताण नोंदला गेला, त्याहून जास्त ताण तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना नोंदला गेला. स्पष्ट नकार आला असता तर रडून का होईना, पुढचं ठरवता आलं असतं, असं व्हिसा अडकलेली माणसं म्हणतात ते उगाच नाही.

आता घरातली गोष्ट. लग्न ठरलं तेव्हाच मुलीनं नोकरी सोडलेली असते, कारण ‘जायचंच आहे’. पुण्याची खोली सोडलेली असते. सासरी कपाटाचा एक कप्पा तिला दिलेला असतो, बाकी कपडे बॅगेत. स्कूटी घ्यायची का? कशाला, जायचंच आहे. बी.एड.ला प्रवेश? मधेच सोडावं लागेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली की वाण हातात पडण्याआधी प्रश्न पडतो, ‘कधी जाणार गं?’ माहेरी गेली तर तिथं शेजारीण विचारते, ‘आलीस? किती दिवस?’ काही महिन्यांनी त्या प्रश्नांचा सूर बदलतो. त्याचं तिकडे दुसरं काही असेल का, कागदपत्रांत हिच्याकडून काही लपवलं गेलं असेल का, अशी कुजबूज सुरू होते. यातलं काहीही वॉशिंग्टननं केलेलं नाही. ज्या मुलीचा काडीचा दोष नाही, तिच्याकडे संशयानं पाहण्याची सुरुवात तिच्याच माणसांतून होते, याचा मला राग येतो.

खुद्द अमेरिकी परराष्ट्र खातं अर्जदारांना बजावतं, की व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घर-जमीन विकू नका, रद्द न होणारं तिकीट काढू नका. आपण नेमकं उलट करतो. नोकरी सोडलेली असेल तर तिनं ती पुन्हा धरावी, पुण्याला जावं लागलं तरी. सासू-सासऱ्यांना सून घरात हवी असते हे समजण्यासारखं आहे, पण नवरा तिकडे, नोकरी नाही, स्वतःचे पैसे नाहीत, अशा अवस्थेत तिला केवळ सोबत म्हणून ठेवणं हा अन्याय आहे. कुठं राहायचं हे तिनं ठरवावं. व्हिसा मिळून तिकडे गेल्यावरही पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र, बँकेतली शिल्लक तिच्याच उपयोगी पडणार आहे.

अर्थात काही कामं मधल्या काळात करावीच लागतात. वकिलातीनं कागद मागितले असतील तर वर्षाच्या आत द्यायला हवेत, नाहीतर फाइल बंद होऊ शकते. पासपोर्ट नवा झाला, पत्ता बदलला, मूल झालं, तर लगेच कळवायचं. वैद्यकीय तपासणीची मुदत साधारण सहा महिने असते. ती संपली तर तपासणी पुन्हा पैसे भरून करावी लागते आणि ते मन खचवणारं असतं. नवऱ्यानं तिकडे आपल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात अर्ज द्यावा. ती कार्यालयं वकिलातीकडे रीतसर विचारणा करतात. त्यानं निकाल लवकर लागेलच असं नाही, पण उत्तर येतं. आणि एक बारीकसा दिलासा: तिकडे उतरेपर्यंत लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तर दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डाऐवजी थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं, पुढचा एक अर्ज वाचतो.

जे करू नये ते याहून महत्त्वाचं. ‘दिल्लीत आपली ओळख आहे’ म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. सुरक्षा तपासणी कुणाच्या ओळखीनं पुढं सरकत नाही. त्यानं एखादा बनावट दाखला जोडला आणि तो पकडला गेला, तर फसवणुकीचा ठपका बसून अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. दुसरी गोष्ट, रोज रात्री संकेतस्थळ उघडून ‘लास्ट अपडेटेड’ची तारीख हलली का ते पाहणं. तारीख हलते, स्थिती तीच राहते, आणि तेवढ्यावरून कॅलिफोर्नियात नुकत्याच उठलेल्या नवऱ्याशी भांडण होतं. आठवड्यातला एक दिवस ठरवावा आणि बाकीचे दिवस दोघांनी एकमेकांशी दुसऱ्या विषयांवर बोलावं. नवऱ्याला सुट्टी मिळेल तेव्हा त्यानंच यावं, कारण कायमचं जाण्याचा अर्ज चालू असताना तिला पर्यटक व्हिसा मिळणं अवघड असतं. तो आला की त्याला नातेवाइकांच्या जेवणावळींत फिरवू नये. त्या दोघांकडे मोजके दिवस असतात.

काही घरांत या काळात मूल झालेलं असतं, किंवा आधीचं असतं आणि त्याचं शाळेचं वय होतं. जूनमध्ये इथल्या शाळेत नाव घालावं की थांबावं, असं मला विचारतात. घालावं. गणवेश, दप्तर, डबा, सगळं घ्यावं. दोन महिन्यांत व्हिसा आला तरी बिघडत नाही. शाळा सोडल्याचा दाखला काढता येतो, आणि तिकडच्या शाळेत नाव घालताना इथल्या शाळेचे कागद कामाला येतात.