वाचलेले चार मीटर

पेणच्या परिवहन कार्यालयाचा एमएच-06 क्रमांक लावून फिरणाऱ्या छोट्या गाड्यांत एक वेगळी जात चटकन ओळखू येते. सेकंड-हँड घेतलेली, बऱ्यापैकी जुनी हॅचबॅक. पण चाके मोठी, सस्पेन्शन खाली बसवलेले, एक्झॉस्टचा आवाज घोगरा आणि इंजिनाचा ईसीयू 'रिमॅप' करून घेतलेला. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघाली की ती आपले नवे बळ दाखवते. या गाडीवर झालेल्या खर्चाचा क्रम ठरलेला असतो. आधी जे दिसते ते, मग जे ऐकू येते ते, मग जे पळवते ते. ब्रेकचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो, तोही बहुधा एखाद्या उतारावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेल्यावर.

या हौसेला नाक मुरडणे सोपे आहे. पण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करून साठवलेल्या पैशातून कोणी गाडी घेतो, तिचा नट न् नट समजून घेतो, यात वाईट काहीच नाही. उलट ज्या दिवशी तो मेकॅनिकला म्हणतो, "दादा, आता ब्रेकचं बघू," त्या दिवशी त्याच्या हौसेला एक नैतिक बाजू फुटते. कारण गाडीवर करता येणाऱ्या सगळ्या बदलांत ब्रेकचा बदल निराळा आहे. बाकीच्या बदलांचा आनंद मालकाचा असतो. ब्रेकचा लाभ मात्र बहुतेक वेळा अशा माणसाला होतो, ज्याला मालक ओळखतही नाही.

आधी कामाचे बोलू. ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. सुकेळी खिंडीच्या किंवा नागोठण्याहून रोह्याला जाताना लागणाऱ्या भिसे खिंडीच्या उतारावर पुन्हा पुन्हा पेडल दाबले की डिस्क आणि पॅड तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण 155 अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पायाखाली रिकामे जाते. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षे ऑइल न बदलता फिरणाऱ्याने इंजिनाची ताकद वाढवणे म्हणजे संकटाला आवतण देणे.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी ऑइल बदलतो, नळ्यांतली एअर काढतो, चांगले पॅड घालतो, मागच्या ड्रमचे लायनर पाहतो आणि मग टायरांकडे बोट दाखवतो. गाडी अखेर थांबते ती टायर आणि डांबर यांच्या पकडीवर. टायर गुळगुळीत असेल तर मोठ्या डिस्कमुळे चाक फक्त लवकर अडकते. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना चाके अडकू न देणारे एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या अनेक स्वस्त गाड्यांत ते नाही. अशा गाडीचा पुढचाच ब्रेक फाजील वाढवला तर पुढची चाके आधी अडकतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. मागचा वाढवला तर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. हा तोल सांभाळणे लाल रंगाच्या कॅलिपरपेक्षा महत्त्वाचे, पण फोटोत तो तोल दिसत नाही.

कायद्याचेही एक म्हणणे आहे. गाडीचा नोंदणीतला तपशील आणि निर्मात्याने ठरवलेले मूळ स्वरूप यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने रोखला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. योग्य प्रतीचे पॅड आणि ऑइल घालणे ही देखभाल झाली. दुसऱ्याच गाडीचे कॅलिपर, डिस्क कापूनजोडून बसवण्याआधी मात्र परवानगीचे विचारून घ्यावे.

आता समजा, हे सगळे नीट झाले. ऑइल, पॅड, टायर उत्तम. मापात राहून केलेला बदल. कोरड्या डांबरावर ताशी 80 किलोमीटर वेगातली गाडी कचकन ब्रेक दाबल्यावर साधारण 40 मीटर धावून थांबत होती, ती आता 36 मीटरांत थांबते असे धरू. चार मीटर वाचले. हे चार मीटर कोणाचे?

प्रश्न विचित्र वाटेल. पैसे ज्याचे, मीटर त्याचे, असे कोणीही म्हणेल. पण हिशेब पुढे नेऊ. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे 80 चा वेग 85 केला, की वाचलेले चारही मीटर संपतात. काट्याची एवढीशी हालचाल, आणि ब्रेकवरचा सारा खर्च वेगाने गिळला. आणखी एक हिशेब आहे. सारख्याच ब्रेकच्या दोन गाड्यांनी, एकीने 60 च्या आणि दुसरीने 80 च्या वेगात असताना, एकाच खुणेवर ब्रेक दाबला, तर पहिली जिथे पूर्ण थांबते त्या जागी दुसरी अजून ताशी 53 किलोमीटरने धावत असते. त्या जागी शाळेतून परतणारी मुलगी उभी असेल, तर तिच्या दृष्टीने दोन्ही गाड्यांतला फरक 20 चा राहत नाही. एक गाडी तिच्यापाशी येऊन थांबलेली असते, दुसरी तिला उडवते.

चांगला ब्रेक मिळाला की माणूस वेग वाढवतो, हा केवळ संशय नाही. 1980 च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिक शहरात टॅक्सींवर एक प्रयोग झाला. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होते, काहींना नव्हते. बाकी गाड्या सारख्या. अपघातांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एबीएसवाले चालक वळणे जोरात घेत होते, मार्गिका नीट पाळत नव्हते आणि टक्कर होता होता वाचल्याचे प्रसंग ओढवून घेत होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी वेगात मोडून खाल्ली. म्हणून एबीएस निरुपयोगी ठरत नाही. चालकाने ती सुरक्षितता राखून ठेवायची असते, एवढेच त्यातून कळते.

राखून ठेवणे कसे असते, याचा धडा रोह्यातच मिळतो. कोकण रेल्वेचा मार्ग इथून सुरू होतो. आगगाडीच्या ब्रेकची रचना अशी, की डब्यांखालच्या नळीत हवेचा दाब असेपर्यंतच ब्रेक सुटलेले राहतात. नळी तुटली, डबा निसटला, की ब्रेक आपोआप लागतात. एवढी खबरदारी असूनही 2003 साली वैभववाडीजवळ आणि 2004 साली रायगड जिल्ह्यातच करंजाडीजवळ, दोन्ही वेळा ऐन पावसात, मोठे अपघात झाले. आज पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक लागते आणि गाड्या मुद्दाम सावकाश धावतात. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी 40 किलोमीटरवर या, अशी लोको पायलटना सूचना असते. हाती चांगला ब्रेक असताना वेग उतरवणे आणि त्यासाठी उशीर पत्करणे, याला रेल्वेत कोणी भित्रेपणा म्हणत नाही.

रस्त्यावरचा माणूस म्हणेल, आमचे कसले वेळापत्रक? महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला आणि दशक उलटले तरी खड्डे, वळणरस्ते, खडी यांतून सुटका झाली नाही. तक्रार रास्त आहे, आणि ती चालकाने जरूर करावी. पण खडीवर टायरची पकडच सुटते, तिथे महागडी डिस्कही हतबल होते. रस्ता वाईट असणे हे वेग उतरवण्याचे कारण आहे. आपली जबाबदारी सरकारवर ढकलण्याचे नाही.

आणि आपल्याला हे येत नाही असेही नाही. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती घेऊन निघालेल्या टेम्पोमागे कधी गाडी चालवून पाहा. मागे मूर्ती उभी आहे, जोरात ब्रेक लावला तर हात-सोंड दुखावेल, हे चालकाला पक्के ठाऊक असते. म्हणून तो पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवतो, खड्डा लांबून हेरतो, ब्रेकला काम पडू नये अशा बेताने चालवतो. मागचे वाहन कितीही हॉर्न वाजवो. शाडूच्या मूर्तीसाठी जे अंतर राखता येते, ते हाडामांसाच्या माणसासाठी राखायला कोणते वेगळे कौशल्य लागते?

कौशल्य तेच; कमी पडते ते नाते. मूर्ती आपली असते, रस्त्यावरचा माणूस परका. परक्याला आपल्या हिशेबात कसे घ्यायचे, हे पेण तालुक्यातल्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबांनी देशाला शिकवले. 1951 मध्ये भूदानाला आरंभ झाल्यावर ते जमीनदाराच्या दारात जाऊन सांगत, की तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि त्याच्या वाट्याची जमीन भूमिहीनाला दे. त्यांनी भीक मागितली नाही, दयेची हाकही दिली नाही. घरच्या वाटणीत एक नाव वाढवा, इतकेच मागितले.

छोट्या गाडीत पाच जण बसतात. त्या पाचांसाठी सीटबेल्ट आहेत, एअरबॅग आहेत, लोखंडी सांगाडा आहे. सहावा बाहेर आहे: कासूजवळ सायकल ढकलणारा, नागोठण्यात एसटीतून उतरून रस्ता ओलांडणारी, कोलाडच्या नाक्यावर टोपली घेऊन बसलेली. गाडीच्या साऱ्या सुधारणांत त्याच्या वाट्याला येण्यासारखी वस्तू एकच, थांबण्याचे अंतर. ब्रेकसाठी पैसे मालकाने भरले हे खरे, पण त्यातून निघालेले चार मीटर सहाव्याच्या वाटणीचे आहेत. मालक त्यांचा विश्वस्त. विश्वस्ताने ठेव स्वतःच्या चैनीवर उडवली, तर आपण त्याला काय म्हणतो ते सांगायला नको.

ही ठेव शाबूत आहे की नाही, हे तपासायला घड्याळ पुरते. नवे ब्रेक घातल्यावर, तेवढ्याच रहदारीत, पेणहून रोह्याला पोहोचायला पूर्वीइतकाच वेळ लागत असेल, तर चार मीटर ज्याचे त्याला मिळाले. वेळ कमी लागू लागला असेल, तर ते त्याच्या हातून काढून घेतले गेले आहेत.