बांधणे आणि बंध

वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यापासून मोटारसायकलींची वाहतूक छत्रपती संभाजीनगरच्या परिचयाची झाली आहे. उघड्या ट्रेलरवर मोटारसायकल बांधताना पुढचे चाक खोबणीत अडकवून हँडलच्या दोन्ही बाजूंचे पट्टे पुढे व खाली आवळतात, इतके की धक्के शोषणारे पुढचे शॉकअब्सॉर्बर साधारण अर्धे दबावेत, पण तळाला टेकू नयेत. पट्टा सैल राहिला तर खड्ड्यात गाडी उसळून हूक निसटतो आणि अति आवळला तर तेल अडवणाऱ्या सीलवर ताण येतो.

नीट बांधलेली गाडीच मुक्कामी सुखरूप पोचते; मग बंधन मुक्तीच्या आड येतेच का, हा प्रश्न येथे उभा राहतो. जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील सात तत्त्वांपैकी ‘बंध’ म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे कर्मपुद्गल, म्हणजे कर्माचे सूक्ष्म जडद्रव्य, जीवाला चिकटणे. हा बंध कोणी हेतूने घालत नाही आणि त्याला मुक्कामही नसतो, म्हणून पट्ट्याची तुलना त्याच्याशी करणे चुकीचे ठरेल. पट्ट्याशी खरे साम्य आहे ते व्रताचे, कारण ते जाणूनबुजून, प्रवासापुरते स्वीकारलेले असते.

बंधनाचे आणखी एक रूप वेरूळला दिसते. तेथील ३२ व्या लेण्यातील, म्हणजे इंद्रसभेतील, जैन तपस्वी बाहुबलीच्या पायांना वेलींनी विळखा घातला आहे. तो त्या तोडत नाही, त्यांना धरूनही ठेवत नाही. हात शरीरालगत सोडून तो कायोत्सर्गात, म्हणजे देहाची आसक्ती सोडलेल्या स्थितीत, सरळ उभा आहे.