वाफ पायाशी बसते

धुळे

चि. बाळास,

तुला सॉल्व्हंट प्लँटमध्ये नोकरी लागल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आनंद झाला, पण रात्री डोळा लागला नाही, म्हणून हे लिहितोय.

सरकी एक्सपेलरमध्ये कितीही पिळली तरी ढेपेत 6-7 टक्के तेल राहतंच. ते तेल हेक्झेन हे द्रावक बाहेर काढतं. ढेपेवर सोडलं की तेल विरघळवून घेऊन ते खाली उतरतं. त्या पिवळ्या मिश्रणाला आम्ही मिसेला म्हणायचो. मिसेला तापवला की हेक्झेन 69 अंशांच्या आसपासच उकळून निघून जातं, तेल मागे राहतं. वाफ कंडेन्सरमध्ये गार झाली की तेच हेक्झेन पुन्हा कामाला लागतं. ढेपेत तेल उरतं ते एक टक्क्याच्या आत. शेतकऱ्याच्या सरकीतला थेंबन् थेंब असा हाती येतो, याचं मला आजही कौतुक आहे.

आम्ही ग्रीसचे हात हेक्झेननेच धुवायचो. हातावर पडलं की बर्फासारखं गार, आणि बघता बघता हात कोरडा. कातडी मात्र पांढरी पडून भेगाळायची. त्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर नसा बाद होतात, हातापायांना मुंग्या येतात, पकड सुटते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तू हात साबणानेच धू.

याहून मोठी भीती आगीची. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर जात नाही, नालीत, खड्ड्यात, केबलच्या चरात जाऊन बसते. हवेत जेमतेम सव्वा टक्का झाली तरी एक ठिणगी पुरते. उणे 22 अंशांनाही पेटण्याइतकी वाफ सुटते, मग आपल्या धुळ्याच्या मे महिन्याचं काय सांगू! अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात 13 फेब्रुवारी 1981 ला सोयाबीन कारखान्यातलं हेक्झेन गटारात गेलं. पहाटे एका मोटारीची ठिणगी पडली आणि रस्तेच्या रस्ते उखडले गेले. कुणाचा जीव गेला नाही, एवढंच नशीब.

हेक्झेन पाण्यावर तरंगतं. म्हणून सांडपाणी आधी एका टाकीत चांगलं तापवून त्यातलं हेक्झेन काढून घेतात, मगच नालीत सोडतात. कामावर गेलास की पहिल्यांदा ती टाकी आणि तिचा थर्मामीटर बघ. कपडे सुती घाल, टेरिलीन नको. मोबाईल गेटवर ठेव.

रविवारी ये. आजी कळण्याची भाकरी करणार आहे. टाकीवर किती तापमान होतं, ते मला तेव्हा सांग.

तुझा,
आबा