दान, दौलतजादा आणि तिकीट

नाटक पाहावयाचे तर तिकीट काढावे लागते, ह्यात विचार करण्याजोगे काही आहे असे एरवी कोणास वाटत नाही. दाम मोजावा, खुर्चीवर बसावे, पडदा पडला की घरी यावे. व्यवहार तेथे संपला. परंतु त्याच तिकिटाच्या किमतीत थोडी भर घालून ती भर एखाद्या नाट्यमंडळाच्या साहाय्यार्थ ठेवली, की हा सरळ व्यवहार एकाएकी अवघड होतो. आपण प्रेक्षक की दाते? आणि दोन्ही असलो, तर एकाचे हक्क दुसर्‍यास लागू पडतात काय? हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. बार्शीटाकळीहून अकोल्यास निघालेल्या एका बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला.

आमच्या गावी कालंका देवीचे बाराव्या शतकातील हेमाडपंती देऊळ आहे, तालुक्याची कचेरी आहे, रेल्वेचे स्टेशन आहे. नाट्यगृह मात्र नाही. हौशी मंडळींचे एक लहानसे नाट्यमंडळ आहे. त्याचे प्रयोग शाळेच्या पटांगणात होतात, पडदे मागून आणलेले आणि दिवे भाड्याचे असतात. स्वतःचे पडदे शिवावे अशी मंडळाची फार दिवसांची इच्छा. तेव्हा असे ठरले, की अकोल्यास एखादे चांगले नाटक येईल त्या दिवशी गावातील कुटुंबांची सहल न्यावी, आणि प्रत्येकाकडून खर्चापेक्षा थोडे अधिक घेऊन ती शिल्लक पडद्यांसाठी ठेवावी. हिशेब माझ्याकडे होता. मी माणशी पाचशे रुपये अशी एकच रक्कम जाहीर केली. त्यात तिकीट किती, बसभाडे किती आणि मंडळाचे किती, हे लिहिले नाही. लपवण्याचा हेतू नव्हता, असे मी स्वतःस समजावले. खरे कारण असे, की आकडे वेगळे दाखवले असते तर मंडळाचे शंभर रुपये कमी करा असे कोणीतरी म्हटलेच असते, आणि ती घासाघीस मला नको होती.

बस गावाबाहेर पडली तेव्हा शेजारच्या निवृत्त गुरुजींनी विचारले, “ह्या पाचशांत माझे दान किती?”

मी म्हणालो, “शंभर रुपये, गुरुजी. चांगल्या कामासाठीच आहेत.”

“काम चांगलेच आहे,” ते म्हणाले, “पण ते मी केलेले नाही. मला न कळता माझ्या खिशातून जे गेले, ते दान नव्हे, ती उचल.”

मला राग आला. शंभर रुपयांसाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे वाटले. पुढे नाट्यगृहात दुसरा प्रसंग घडला. आमच्यापैकी एका सधन शेतकर्‍याने मंडळास हजार रुपये वेगळे दिले होते. त्यांची खुर्ची मागच्या रांगेत निघाली, तेव्हा ते रोखठोक म्हणाले, “पैसे म्या जास्त देल्ले, मंग मांगं काऊन बसू?” मी पहिल्या रांगेतील महाविद्यालयाच्या दोन मुलांना उठवले आणि मागे पाठवले. मुले निमूटपणे गेली. त्या क्षणी मला त्यात काहीच वावगे दिसले नाही.

कोणी म्हणेल, ही सारी भानगड तिकिटात दानाची भेसळ केल्यामुळे झाली. कलेने आपल्या कमाईवर जगावे हे उत्तम. म्हणणे सुटसुटीत आहे, परंतु मराठी रंगभूमीचा इतिहास त्यास पुरती साक्ष देत नाही. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय सरला, आणि भाव्यांना आपला नाटकसंच घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईस त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. राजाश्रयाचा लोकाश्रय झाला तो असा. ह्या बदलात नटास स्थैर्य गमवावे लागले ह्यात शंका नाही. पण प्रेक्षकास त्याने एक मोलाची वस्तू दिली. राजाच्या घरचे नाटक आवडले नाही असे म्हणण्याची सोय दरबारी मनुष्यास नसते. चार आणे मोजून आलेल्यास ती असते. तिकीट म्हणजे खुर्चीचे भाडे, तसाच मत देण्याचा परवाना.

तरीही केवळ तिकिटाच्या बळावर नाटकमंडळ्यांचा संसार कधी सुखाने झाला नाही. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीसारखी वैभवशाली संस्था, जिच्या नाटकांस गर्दी लोटत असे, तीदेखील कर्जात बुडाली. चाहत्यांनी निधी जमवून ते कर्ज फेडण्याची तयारी दाखवली असता बालगंधर्वांनी ती नाकारली आणि रंगभूमीवर उभे राहूनच ऋण फेडण्याचा निश्चय केला, असे सांगतात. प्रेक्षकांस ‘अन्नदाते मायबाप’ म्हणणारा हा नट. त्या संबोधनातील दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण त्यांत दोन निरनिराळी नाती आहेत. अन्नदाता कामाचे मोल देतो आणि काम वाईट झाले तर तसे बोलून दाखवतो. मायबाप मोल पाहत नाहीत, पण त्यांच्या पोटात लेकराचे दोषही सहज जातात. कलावंतास दोन्ही हवे असतात. प्रेक्षकाने मात्र कोणत्या वेळी आपण कोण आहोत हे विसरू नये.

दुसर्‍यासाठी निधी जमवताना ही अडचण रंगभूमीस क्वचितच भासली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या धुरीणांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकांनी नेहमीच्या कितीतरी पट दाम आनंदाने मोजले. आपला पैसा कोठे जाणार, हे प्रत्येकास ठाऊक होते. त्यात आडपडदा नव्हता. नाटकाने शाळांसाठी, पूरग्रस्तांसाठी, देशकार्यासाठी झोळी पसरली की ती भरते. तेच नाटक स्वतःच्या पडद्यांसाठी हात पुढे करू लागले, की त्याचा आवाज बारीक होतो, आणि मग ते माझ्यासारखे दानाची रक्कम तिकिटाच्या पोटात दडवते. खरे म्हणजे ह्या संकोचास कारण नाही. जी विहीर गावाची तहान भागवते, तिचा गाळ काढण्यास वर्गणी मागण्यात कमीपणा कसला? कमीपणा असलाच, तर वर्गणी मागितली नाही असे भासवून ती घेण्यात आहे.

देण्याच्या रीती आपल्याकडे पूर्वीपासून दोन आहेत, आणि दोन्हींचा संबंध गाण्याबजावण्याशीच आहे. वासुदेव पहाटे दाराशी येतो, पसाभर धान्य घेतो, आणि ते दान गावोगावच्या देवांस पावल्याचे गाऊन सांगतो. दात्यास तो आशीर्वाद देतो, परंतु त्याची फर्माईश घेत नाही. पसाभर देणार्‍यास आणि सूपभर देणार्‍यास गाणे तेच. दुसरी रीत तमाशातील दौलतजादाची. तेथे नोट पुढे होते, देणार्‍याचे नाव पुकारले जाते, आणि मग लावणी त्याच्या मर्जीची होते. ह्या पैशावर अनेक कलावंतांच्या चुली पेटल्या. त्यांस नावे ठेवण्याचा अधिकार सुखवस्तू मनुष्यास नाही. प्रश्न घेणार्‍याचा नव्हे, देणार्‍याचा आहे. दान पावले म्हणजे ते माझ्या हातून सुटले. दौलतजादा हातून सुटतच नाही. नोटेचे दुसरे टोक देणार्‍याच्या चिमटीतच राहते. पहिल्या रांगेतील त्या दोन मुलांना मी उठवले, तेव्हा आमच्या सुशिक्षित सहलीत कोणती रीत चालली होती, हे सांगावयास नकोच. शेतकर्‍याने मनातले बोलून तरी दाखवले. त्या रीतीवर शिक्कामोर्तब केले ते मी.

ह्यातून निघण्याची एक वाट परदेशी लोकांनी शोधली होती. १८९० साली बर्लिन येथे ‘फ्राये फोल्क्सब्यूने’, म्हणजे स्वतंत्र लोकरंगभूमी, ह्या नावाची प्रेक्षकांचीच एक संस्था निघाली. सभासद बहुतेक कामगार. त्यांनी लहानलहान वर्गणी द्यावी, संस्थेने त्यांच्यासाठी प्रयोग ठरवावे, आणि कोणी कोठे बसावे हे चिठ्ठ्या टाकून ठरावे, असा तिचा शिरस्ता. सर्वांचे दाम सारखे आणि जागा दैवाधीन. अशाच लोकांच्या वर्गणीच्या बळावर १९१४ साली तेथे त्यांचे स्वतःचे भव्य नाट्यगृह उभे राहिले. ज्याच्या पैशाने भिंत उभी राहिली, त्याचीच चिठ्ठी शेवटच्या रांगेची निघू शकते, ही गोष्ट मला त्या इमारतीहून मोठी वाटते.

परंतु जागेचा मान हा त्यातल्या त्यात लहान दोष होय. मोठा दोष मला आणखी तीन महिन्यांनी दिसला. मंडळाचे पडदे शिवून झाले आणि नव्या पडद्यांत नाटकाचा प्रयोग झाला. नायकाचे काम करणार्‍या मुलाचे पाठांतर झालेले नव्हते. विंगेतून मिळणारे शब्द तिसर्‍या रांगेपर्यंत ऐकू येत होते. दुसर्‍या अंकात एक प्रवेशच गळाला. प्रयोगानंतर आम्ही सहलीतील सारी मंडळी रंगपटात गेलो आणि त्या मुलाच्या पाठीवर थाप मारून ‘उत्तम झाले’ म्हणालो. मीही म्हणालो. आमची दृष्टी पडद्यांवर होती; पडदे खरोखरच सुरेख झाले होते. आपला पैसा वाया गेला असे म्हणणे म्हणजे स्वतःसच मूर्ख ठरवणे, म्हणून दाता सहसा नाटकास वाईट म्हणत नाही. गुरुजी तेवढे त्या मुलास बाजूला घेऊन म्हणाले, “बाळ, तुझा आवाज चांगला आहे, पण तुझे पाठांतर झाले नव्हते. एवढी माणसे रात्री घर सोडून येतात, त्यांचा हा अपमान आहे.” मुलाचा चेहरा उतरला. त्या वेळीही मला गुरुजींचाच राग आला.

घरी आल्यावर मात्र झोप येईना. त्या मुलास नट कोणी मानले, हा प्रश्न मनातून जाईना. आम्ही त्याला आमच्या दानशूरतेचा पुरावा मानले होते. शंभर रुपयांचा हिशेब मागणार्‍या मनुष्याने त्याला नट मानले, आणि नटास द्यावयाची खरी देणगी, म्हणजे लक्ष देऊन पाहिलेले आणि प्रामाणिकपणे सांगितलेले मत, एकट्यानेच दिली. जो निधी मंडळास पडदे देतो पण त्याचे खरे प्रेक्षक हिरावून नेतो, त्याने मंडळाचे हित केले की अहित?

म्हणून सहली बंद कराव्या असे मी म्हणत नाही. गावात नाट्यगृह नसलेल्या शंभर घरांनी एकत्र निघून नाटक पाहावे, येताना बसमध्ये त्यावर भांडावे, आणि त्या निमित्ताने आपल्या मुलांच्या मंडळास चार पैसे द्यावे, ह्याहून चांगला सोहळा गावकर्‍यांस क्वचित लाभतो. मात्र देताना हात उघडा असावा आणि दिल्यावर तो रिकामा व्हावा. पुढल्या सहलीस मी दोन पावत्या छापल्या. एक तिकीट व भाड्याची, नेमक्या रकमेची. दुसरी मंडळाच्या मदतीची, रकमेची जागा कोरी. जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या. हजार रुपये देणारे गृहस्थ पुन्हा मागच्याच रांगेत गेले आणि वाटेत बराच वेळ कुरकुरले. पण ते आले. निधी मात्र पहिल्या वेळेच्या निम्म्याहूनही कमी जमला, आणि मंडळाचे दिवे अद्याप भाड्याचेच आहेत.

तो तोटा मंडळाचा आहे, आणि माझ्या तत्त्वापायी त्यांनी तो सोसावा काय, असे मंडळातील तरुण मला विचारतात. माझ्यापाशी ह्याचे पुरते उत्तर नाही. मी एवढेच म्हणतो, की पहिल्या वेळी जे जास्तीचे जमले होते, ते लोकांनी दिलेले नव्हते. मी घेतलेले होते. ह्या वेळी थोडे आले आहे, पण ते आले आहे. आता त्या थोड्याचे जास्त करावयाचे असेल तर त्यास उपाय एकच. पुढल्या नाटकाचे पाठांतर चोख व्हावे, आणि ते झाले की नाही हे सांगण्यास गुरुजींना पहिल्याच दिवशी बोलावणे जावे.