ऐतिहासिक बोलपट व अपराधाची वाटणी

एखाद्या महत्त्वाकांक्षी पुरुषाने राज्यसत्ता कशी बळकावली याची कथा पडद्यावर आली की तिच्या खरेखोटेपणाविषयी वाद हा निघावयाचाच. हे वाद बहुधा बाह्य उपचारांभोवती घोटाळतात. अमक्या सरदाराच्या डोकीस तमक्या घाटाची पगडी नव्हती, त्या काळी अमुक तऱ्हेचे लुगडे कोणी नेसत नसे, दिवाणखान्यातील झुंबर शंभर वर्षे अलीकडचे आहे, असे आक्षेप घेतले जातात. आणि ते बरोबर असले तर कर्त्याने ते निमूटपणे मान्य करावे हेच इष्ट होय. तथापि असल्या चुकांनी प्रेक्षकांची नीतिबुद्धी बिघडली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. पगडीचा घाट चुकला म्हणून कोणाचा अपराध दुसऱ्याच्या माथी जात नाही. ज्या चुकीने अपराध एकाचा दुसऱ्याच्या माथी जातो, ती मात्र निराळ्या कोटीतील आहे, आणि तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

नाटककाराचे स्वातंत्र्य नाकारण्याचा प्रश्न येथे नाही. जे घडले ते इतिहासकाराने सांगावे, जे घडण्यासारखे आहे ते कवीने सांगावे, असा भेद अ‍ॅरिस्टॉटलने फार प्राचीन काळी केला, आणि कवीचे काम अधिक तात्त्विक आहे असेही म्हटले. इतिहासाच्या कागदांत तहाची कलमे, खर्चाच्या नोंदी आणि मुक्कामांच्या तारखा सापडतात. रात्री एकांतात पतिपत्नी काय बोलली ते सापडत नाही. ती रिकामी जागा कल्पनेने भरल्यावाचून नाटक उभेच राहावयाचे नाही. तेव्हा प्रश्न आहे तो इतकाच, की कल्पनेने जागा भरताना कर्ता कोणत्या सत्यास बांधलेला राहतो? मला वाटते, सत्तापहाराच्या कथेत तरी त्याचे उत्तर देता येण्यासारखे आहे, आणि ते देण्यास आपल्याच इतिहासातील एक सुप्रसिद्ध प्रसंग पुरेसा आहे.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे थेऊर येथे वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवेपदावर आला. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंग प्रभृती गारदी थकलेल्या पगाराच्या निमित्ताने वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या त्या पेशव्याचा त्यांनी चुलत्याच्या डोळ्यांदेखत वध केला. इथवर कोणाचा वाद नाही. परंतु महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही या प्रसंगाचे जे पहिले स्मरण होते ते यांपैकी कशाचेच नव्हे. ते होते एका अक्षराचे. रघुनाथरावांनी गारद्यांस दिलेल्या कागदात 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, ही ती गोष्ट. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात ती आहे; पण अक्षर बदलणारा हात आनंदीबाईंचा होता हे तेथेही लोकांचे सर्वसाधारण मत म्हणूनच सांगितले आहे. तो अस्सल कागद आज कोणास दाखविता येत नाही. असे असून 'ध चा मा करणे' हा भाषेतला वाक्प्रचार होऊन बसला, आणि एका स्त्रीचे नाव घरभेदेपणाचे दुसरे नाव झाले.

रंगभूमीने आणि पडद्याने या प्रसंगास अमाप प्रसिद्धी दिली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ साली रंगभूमीवर आले. प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' हा बोलपट १९४४ साली निघाला. त्यात न्यायाधीशाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आणि आनंदीबाईंची ललिता पवार यांनी. या कृतींचा गौरव मला कमी करावयाचा नाही. सत्ताधीशासमोर उभे राहून त्यास खुनी म्हणणारा न्यायाधीश परकीय राज्यातील प्रेक्षकांस दाखविणे हे लहान काम नव्हते. प्रश्न आहे तो या कृतींनी दृढ केलेल्या, किंवा त्यांच्या आसपास वाढलेल्या, लोकसमजुतीचा. 'ध चा मा' ही गोष्ट नेमके काय करते ते शांतपणे पाहिले पाहिजे.

ती प्रथम रघुनाथरावांचा भार हलका करते. 'मी धरावयास सांगितले होते, मारावयास नव्हे' हा आरोपीचा बचाव आहे. आणि अक्षर बदलल्याची गोष्ट त्या बचावास पुरावा पुरविते. पण ज्याने 'धरावे' म्हटले त्याने 'मारावे' याचे फळ नाकारले काय? पुतण्याचे प्रेत पडल्यावर त्यांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणविली आणि ते पेशवे झाले. रामशास्त्र्यांविषयीची जी परंपरा आपण इतक्या अभिमानाने सांगतो तिचे मर्मही येथेच आहे. प्रायश्चित्त कोणते असे विचारल्यावर शास्त्र्यांनी देहान्त सांगितला, तो रघुनाथरावांस. त्यांच्या पत्नीस नव्हे. अक्षराच्या फेरफाराची सबब त्या न्यायाधीशाने ग्राह्य धरली नाही. त्याने जी सबब फेटाळली ती आपण दीडदोनशे वर्षे उराशी धरून बसलो, आणि टाळ्या मात्र त्याच्याच नावाने वाजवितो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

दुसरे, ही गोष्ट इतर सर्वांस अदृश्य करते. ग्रँट डफनेच नोंदविले आहे की, त्या दिवशी सकाळी नारायणरावास दंग्याची कुणकुण लागली होती आणि गारद्यांचा बंदोबस्त करण्यास त्याने हरिपंत फडक्यांस सांगितले होते. हरिपंतांनी होकार दिला आणि ते एका स्नेह्याकडे भोजनास निघून गेले. हरिपंत दुष्ट नव्हते. पुढे रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंनी जे कारस्थान उभारले त्याचे ते एक प्रमुख आधारस्तंभ झाले. पण त्या दुपारी एका कर्तबगार, प्रामाणिक माणसाने आजचे काम उद्यावर टाकले. पुढे बारभाईंत मिळालेल्या मुत्सद्द्यांपैकी कित्येकजण प्रथम काही महिने नव्या धन्याबरोबर स्वारीतही होते. दरबार चालला, हुकूम सुटले, फौज निघाली. सत्तापहार सिद्धीस जातो तो अशा पुष्कळ लोकांच्या पुष्कळ लहान लहान हयगयींनी. त्या सर्वांच्या जागी एका स्त्रीची लेखणी आणून ठेवली की कथा सुटसुटीत होते खरी. पण त्या वाड्यातील प्रत्येकजण निर्दोष ठरून घरी जातो, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही.

हा दोष केवळ आपला नव्हे. हिटलरच्या उदयावर २००३ साली पाश्चात्त्य दूरचित्रवाणीसाठी दोन भागांचा एक पट निघाला. रॉबर्ट कार्लाइल या नटाने त्यात मुख्य भूमिका केली. त्यात पहिल्या महायुद्धाच्या खंदकात हिटलर आपल्या कुत्र्यास निर्दयपणे मारताना दाखविला आहे. वस्तुतः त्या कुत्र्यावर त्याचा फार जीव होता, असे त्याच्या चरित्राचे अभ्यासक सांगतात. कर्त्याचा हेतू उघड आहे: इतक्या मोठ्या पातकाच्या धन्यास कुत्र्याविषयी माया असावी हे पाहवत नाही, म्हणून त्याचे काळीज पहिल्यापासून काळे रंगवावयाचे. परंतु येथे सत्य नुसते चुकले नाही, उलटे झाले. कुत्र्यावर माया करणारा माणूस लाखो निरपराध्यांच्या संहाराची आज्ञा देऊ शकतो, हीच त्या इतिहासातील भयंकर शिकवण होय. ती झाकली की प्रेक्षकाची अशी समजूत होते की, असा मनुष्य पुन्हा आला तर आपण त्यास पाहताक्षणी ओळखू.

आणि तो आला कसा? नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षास ३३.१ टक्के मते पडली, म्हणजे तीनांतील दोन मते त्याच्या पक्षाबाहेर गेली होती. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्यास रीतसर चॅन्सेलर नेमले. फोन पापेन प्रभृती प्रतिष्ठित गृहस्थांनी त्यासाठी वजन खर्च केले, आणि याला आपण मुठीत ठेवू अशी त्यांची खात्री होती. २३ मार्च १९३३ रोजी सर्वाधिकार देणारा कायदा लोकसभेत ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. साम्यवादी सभासदांस आधीच दूर ठेवले होते, बाहेर दंडेली होती, हे खरे. तरी ज्या मध्यममार्गी पक्षांनी हात वर केले ते काही राक्षसांचे पक्ष नव्हते. त्यांत वकील होते, धर्मगुरू होते, प्राध्यापक होते. विरुद्ध मत देण्याचे धैर्य एका समाजवादी लोकशाही पक्षानेच दाखविले.

यावर कोणी म्हणेल, हे सारे ग्रंथात ठीक आहे. पडद्यास माणसे हवीत, क्षण हवा, आणि हयगय, संमती, मतमोजणी या काही दाखविण्याच्या वस्तू नव्हेत. आक्षेप वजनदार आहे. पण तो खरा आहे काय? उत्तरादाखल आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलेच उदाहरण घेतो.

सिंदखेडराजा हे नाव जिजाबाईंच्या जन्मस्थानामुळे सर्वतोमुखी आहे. पण त्याच तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये एका राजवंशाचा उदय झाला याची आठवण फारशी निघत नाही. दख्खनचा कारभार आपल्या हाती घेऊ पाहणाऱ्या निजामुल्मुल्कावर मुबारिझखान चालून आला. त्यास दिल्लीच्या बादशहाची आतून फूस होती. लढाईत मुबारिझखान पडला. तेव्हा निजामाने काय केले? त्याने बंडाचे निशाण उभारले नाही की स्वतःस राजा म्हणविले नाही. मुबारिझखानाचे मस्तक त्याने बादशहाकडेच पाठविले, आणि एका बंडखोराचे पारिपत्य झाल्याबद्दल त्याचे अभिनंदन केले. बादशहाने पुढल्याच वर्षी त्यास आसफजाह हा किताब दिला. निजामाच्या घराण्याची नाणी १८५७ च्या उठावापर्यंत मोगल बादशहांच्याच नावाने पडत राहिली, आणि वऱ्हाडावरील त्याचे स्वामित्व, नाममात्र का होईना, १९४८ पर्यंत टिकले.

दरबारात ते मस्तक पुढे ठेवले आहे, अभिनंदनाचे पत्र वाचले जात आहे, पत्राचा खरा अर्थ सर्वांस कळतो आहे, आणि सर्वजण माना डोलावीत आहेत! याहून नाट्यमय प्रसंग कोणती कल्पनाशक्ती निर्माण करणार? येथे कोणी गर्जना करीत नाही, कोणी अक्षर बदलीत नाही. जुनी मोहोर, जुना शिरस्ता, जुने मायने तसेच राहतात आणि राज्य हातचे जाते. सत्तापहारी पुरुष बहुधा असाच येतो. हरिपंतांचे ते भोजनही तसेच. पंगत बसली आहे, वाढणे चालले आहे, यजमान आग्रह करीत आहे, आणि कोसभर अंतरावर वाड्याच्या दरवाजाशी गारदी जमत आहेत, हे दृश्य ज्यास दाखविता येत नाही त्याने पडद्याच्या मर्यादांस बोल लावू नये.

दुसरा एक आक्षेप उलट बाजूने येतो. असे असेल तर सरकारने अशा पटांवर कठोर देखरेख ठेवावी, असे काहीजण म्हणतात. मला हा उपाय रोगाहून वाईट वाटतो. सत्यतेची मागणी आपल्याकडे बहुधा तेव्हाच उसळते जेव्हा आपल्या पूर्वजास उणेपणा येतो. त्यास खोटा मोठेपणा दिला तर तक्रार होत नाही. २०२५ साली 'छावा' या चित्रपटातील चित्रणावरून गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. तीनशे वर्षांनंतरही पडद्यावरील दोषारोप जिवंत माणसांस झोंबतो, हे यावरून दिसते. परंतु ज्यांच्यामागे बोलण्यास कोणीच उरले नाही त्यांचे काय? आनंदीबाई १७९४ साली वारल्या. त्यांच्या बाजूने उभे राहावयाचे ते आपल्या न्यायबुद्धीनेच. मृतांस अब्रू नसते असे कायदा म्हणत असेल. सभ्य माणसाने म्हणू नये. आणि आरंभी 'ही कथा काल्पनिक आहे' अशी पाटी दाखविल्याने हे ऋण फिटत नाही. कारण तीच कथा खऱ्या नावांचा आणि खऱ्या वाड्याचा सारा लाभ घेत असते.

तेव्हा नाटककारास माझे मागणे थोडकेच आहे. संवाद रचा, दोन वर्षांचे दोन प्रसंग करा, चार सेवकांचा एक सेवक करा. जेथे कागद मुका आहे तेथे बोला. मात्र ज्याचा अपराध होता तो त्याच्याच पदरी राहू द्या. ज्याचा सिद्ध नाही त्याच्यावर तो लादू नका. आणि जो पुष्कळांमध्ये वाटलेला होता तो एकाच्या माथी रचू नका. या तिहींत शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण, कारण ती पाळल्याने प्रेक्षक सुखावत नाही. खलपुरुषाचा द्वेष करून घरी जाणे सोपे असते. आपण त्या दुपारी पुण्यात असतो तर वाड्याच्या दरवाजाशी असतो की पंगतीत, हा प्रश्न बरोबर घेऊन घरी जाणे तितके सोपे नाही. पण सत्तापहाराची कथा सांगण्याचे प्रयोजन तोच प्रश्न होय, आणि तो ज्या कथेने बुजविला जातो तिच्यातील पगड्या कितीही अचूक असल्या तरी तिला इतिहासाची कथा म्हणू नये.