अस्तेय
लहानपणी आमच्या वाण्याच्या वहीत घराची सारी कुंडली असे. आईने गूळ केव्हा उधार नेला, पाहुणे किती दिवस राहिले, सारे त्याला ठाऊक. पण त्याच्याही घरचे आम्हांला ठाऊक होते. ओळख दुतर्फा होती.

गेल्या साली एका शिकवणीच्या कंपनीचा माणूस शाळेत आला. त्याने वर्गाला फुकट वह्या दिल्या आणि पालकांचे मोबाईल नंबर मागितले. मी यादी दिली. पुढे एका शेतमजूर बापाला रोज फोन येऊ लागले. "गुरुजी, माझा नंबर यांना कुणी दिला असेल?" त्याने मलाच विचारले. मी गप्प राहिलो.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला; 2023 च्या कायद्यात संमतीची अट आली. पण कायदा कंपनीला जाब विचारील. मला कोण विचारणार?

आमच्या सेवाग्रामच्या प्रार्थनेत एकादश व्रते म्हणतात. त्यांतले अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, हे मीच मुलांना शिकवितो. विश्वासाने सांगितलेले तिसऱ्याला देणे ही चोरी नव्हे काय? मोबाईलवर 'परवानगी द्या' दाबून साऱ्या गणगोताचे नंबर देणारे आपण सारेच तिचे वाटेकरी.

यंदा फराळाचे ताट घेऊन मी त्या बापाकडे जाणार आहे. नाव सांगायला. माझेच.