लाथेचा जाब कोणी द्यायचा?

दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण आपण कोकणातून जिथे जिथे गेलो तिथे बरोबर नेली. वापरतो ती बहुधा माणसांबद्दल. कमावता मुलगा उलट बोलला तरी खपते, पैसेवाला जावई रुसला तर त्याची मनधरणी होते. खऱ्या गाईची खरी लाथ मात्र कोणालाच गोड लागत नाही. चरवी उपडी होते, गुडघा सुजतो, आणि नवी आणलेली गाय द्वाड आहे असा शिक्का तिच्यावर त्याच दिवशी बसतो. ह्या शिक्क्याविषयी आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत, आणि निमित्त आहे कतार देशाचे.

५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन व इजिप्त ह्या चार देशांनी कतारशी संबंध तोडले. कतारला जमिनीवरची सरहद्द एकच, ती सौदीला लागून. ती बंद झाली आणि त्या वाटेने रोज येणारे दूधही बंद झाले. आरंभी तुर्कस्तानातून विमानाने दूध आणले. पुढे जुलैमध्ये दूध आणण्याऐवजी गाईच आणल्या. जर्मनीतल्या १६५ होल्स्टीन गाई बुडापेस्टहून मालवाहू विमानाने दोहाला उतरल्या. एकूण ४,००० आणण्याचा बेत होता. दोहाच्या उत्तरेला अल खोरकडे बलदना कंपनीचा गोठा आहे, तिथे त्यांची सोय झाली. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली. गाईंचा धंदा मात्र तिथे कायम झाला.

वर्तमानपत्रांनी ह्या उडत्या गाईंची गंमत केली. आमच्या मनात आली ती त्यांची पहिली संध्याकाळ. थंड कुरणाकडची जात, आणि बाहेर वाळवंटाचा उन्हाळा. छपराखाली पंखे आणि पाण्याचे फवारे लावून गारवा केलेला असतो, पण वास नवा, आवाज नवे, हाकारे नवे. तिथे धार यंत्राने काढतात हे खरे. तरी सड पुसायला आणि यंत्राच्या नळ्या लावायला गाईच्या पायांशी माणूस लागतोच. कतारात मजूर बहुतेक परदेशचे. म्हणजे गाय परकी आणि तिच्या लाथेच्या टप्प्यात उभा असलेला माणूसही परकाच. तो दुखावला तर जबाब कोणी द्यायचा? गाईने?

चार हजारांचा गोठा असो की परसातली एकच गाय असो, नवे जनावर बुजते ते सारख्याच कारणांनी. गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. तिला जवळजवळ सभोवार दिसते, पण ठीक पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप येणारा माणूस तिच्या लेखी वाघच. तिच्याकडे खांद्याच्या अंगाने, दिसेल असे, बोलत बोलत जावे. पहिला हात कासेला कधी लावू नये. आधी पाठीवर किंवा पुठ्ठ्यावर ठेवावा, मग तो न उचलता खाली सरकवत न्यावा. गाय पाय पुढे घेऊन बाजूला झाडते, तेव्हा हातभर लांब बसणारालाच फटका जोरात बसतो. अंगाला चिकटून, डोके तिच्या कुशीला टेकून बसणारास तो कमी लागतो, आणि ती हलणार हे आधी कळतेही. दाव्याचा वेढा आपल्या हाताला घालू नये. भिंत आणि गाय ह्यांच्यामध्ये अडकू नये. पोरांना पहिले काही दिवस गोठ्याबाहेर ठेवावे. वेळ तीच, बाजू तीच, माणूस तोच, आणि आंबोण आधी पुढे ठेवलेले. इतके करूनही ती उडत असेल तर सड पाहावेत. भेगा असतील, दगडीची सुरुवात असेल, किंवा पहिलारू असेल तर कास नुसती ठणकत असेल. नखे कापून बसावे हे सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

आता भाषेची एक लबाडी पाहा. गाय दूध देईना की आपण म्हणतो, ती पान्हा चोरते. आपण तिच्या वासराचे दूध घेतो आणि चोर तिला ठरवतो! वस्तुस्थिती अशी की पान्हा ही तिच्या मर्जीची गोष्टच नव्हे. सडाला ओळखीचा स्पर्श झाला किंवा वासरू ढुसण्या देऊ लागले की तिच्या रक्तात ऑक्सिटोसिन नावाचा रस उतरतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत दूध सुटते. त्याचा अंमलही थोडीच मिनिटे टिकतो. भ्याली तर भीतीचा रस त्याला अडवतो. भ्यालेली गाय दूध लपवीत नाही. ते तिच्याने सुटतच नाही. नव्या जागी आलेल्याच्या बुजण्याला खोड म्हणणारे लोक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहेत, तेव्हा हे आपल्याला जड जाऊ नये.

ह्यावर कोणी चतुर गृहस्थ म्हणेल, की मग ही सारी माया दुधासाठीच झाली. हिला नीती कशाला म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. आमचे पहिले उत्तर असे, की दुधासाठी माया करावी लागते असा नियमच नाही. दुधासाठी क्रौर्यही करता येते आणि माणसांनी ते केले आहे. ‘फूका’ नावाच्या प्रकारात गाईच्या योनिमार्गात फुंकून तिला दूध सोडायला भाग पाडीत. कलकत्त्याहून आलेल्या वाङ्मयात असल्या छळांची हकीकत वाचली, हे गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले त्यामागचे एक कारण होते. भारताच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने फूका गुन्हा ठरवला. पुढे पिचकारी आली, आणि गोंजारल्याने जे आपोआप उतरते तेच ऑक्सिटोसिन सुईने टोचू लागले. मार्ग दोन्ही उघडे असताना माणूस कोणता धरतो, तिथे नीतीचा प्रश्न येतोच.

दुसरे उत्तर आपल्या शास्त्रात आहे. शब्बाथची आज्ञा जनावरांनाही विसावा देते. आपले तेली पूर्वज शनवारी घाणा बंद ठेवीत, त्या दिवशी बैलही सुटे. पण दुभत्या गाईचे काय? तिची कास शब्बाथ ओळखत नाही. तुंबली की दुखते. धार काढणे हे तर त्या दिवशी वर्ज्य काम. शास्त्रकारांनी जनावराचे दुःख जमेस धरून परधर्मीयाकडून धार काढून घेण्यास मोकळीक दिली. इस्राएलात यहुदी शेतकऱ्यांच्या गोठ्यांत तसा माणूस नसे, तेव्हा अडचणीच्या वेळी दूध भांड्यात न धरता वाया जाऊ द्यावे, असा मार्ग काही थोर रब्बींनी दाखवला. म्हणजे गाय मोकळी व्हायची आणि मालकाच्या हाती थेंबही यायचा नाही. चतुर गृहस्थांनी ह्या गोठ्याचा विचार करावा.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या दोन गाई वाचकांना आठवत असतील. कराराचा कोश परत धाडताना पलिष्ट्यांनी मुद्दाम नुकत्या व्यालेल्या, कधी जू न पाहिलेल्या गाई गाडीला जुंपल्या आणि वासरे घरी कोंडली. त्या हंबरत हंबरत सरळ बेथ-शेमेशला गेल्या. अशा गाई मागे फिरणार हे पलिष्ट्यांनाही ठाऊक होते. म्हणून तर न फिरल्या ह्याची खूण मानली. चमत्कार तिथे होता, आणि आपण बाजारातून आणलेल्या प्रत्येक गाईकडून पहिल्याच सकाळी तोच मागतो.

लाथेचा हिशेब तल्मूदने फार पूर्वी मांडून ठेवला आहे. बाबा कम्मा ग्रंथात रस्त्यातल्या दोन गाईंचा दाखला येतो, एक बसलेली, एक चालणारी. चालणारीने बसलेलीला लाथ मारली तर चालणारीचा मालक मोकळा. बसलेलीने चालणारीला मारली तर बसलेलीच्या मालकाने भरपाई द्यावी. कोण कोणाच्या वाटेत होती हे तपासले जाते, पण गाईला कोणी जाब विचारीत नाही. मारक्या बैलाची ताकीद मिळूनही जो त्याला आवरीत नाही, त्याच्यावर तर तोरा अधिक कडक बोट ठेवते.

तेव्हा महिना-दीड महिना नीट वागवूनही एखादी गाय घरात रुळली नाही तर ती विकण्यास हरकत नसावी. सगळ्याच जोड्या जमत नाहीत. मात्र मालातला दोष ठाऊक असेल तर तो घेणाऱ्यास सांगितलाच पाहिजे, हे रांबामने स्पष्ट लिहून ठेवले आहे. ती कोणत्या बाजूने बसल्यास उडते, कोणत्या सडाला हात लावू देत नाही, कशाने बुजते, हे दावे हातात देण्याआधी सांगावे. किंमत उतरली तरी सांगावे. उद्या पहाटे तिच्या कुशीला डोके टेकून दुसऱ्या घरचे कोणीतरी बसणार आहे.